हातभर पलीकडे पडलेले चेंडू

एस्तेरबाई, तुम्हांला माती दिली त्याला आज आठ दिवस झाले, आणि गावात अजून त्या मूठमातीचीच चर्चा चालू आहे. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली, मोठ्या माणसांनी वाकून मूठ मूठ माती सोडली आणि मग तुमच्या बिगरीची रांग आली. सगळ्यांत पुढं हौसाबाईचा धाकटा गेनू. त्यानं मूठ भरली, कडेनं उभा राहिला, डावा पाय पुढं टाकला, हात कानामागं नेला आणि दिली भिरकावून! त्याच्यामागून एकूण एक पोरानं तसंच केलं. पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्यावर माती, तुमच्या नगरच्या पाहुण्यांच्या डोळ्यांत माती. पाहुणे माझ्याकडं बघायला लागले, ही काय रीत म्हणून. मी हेडमास्तर, जबाब मलाच द्यायचा होता. पण तोंड उघडलं तर हसू फुटेल की रडू याचा भरवसा नव्हता, म्हणून टोपी सारखी करत उभा राहिलो.

तेव्हापासून माझं एक विचित्र चाललं आहे. भर दुपारी, शाळा भरलेली असताना, खुर्चीतच डोळा लागतो. पोरं पाढे म्हणत असतात, तो आवाज लांब लांब जातो आणि समोर आपलं मैदान येतं. ऊन असतं, पण पोळत नाही. तुम्ही पदर खोचून निंबाखाली उभ्या असता. कुणीतरी चेंडू फेकतं, त्यातले चिंचोके खुळखुळतात, चेंडू वर जातो आणि खाली येतच नाही. आम्ही सगळे माना वर करून बघत राहतो. मी कासावीस होऊन विचारतो, "बाई, तो पडणार कधी?" तुम्ही म्हणता, "पडेल हो मास्तर. तुम्हांला कसली एवढी घाई?" मग मी जागा होतो. पोरं सतराच्या पाढ्यात अडकलेली असतात आणि एकमेकांकडं बघून हसत असतात.

तुमच्याशी मी सात वर्षं भांडलो, आणि बरीचशी भांडणं अर्धीच राहिली. पहिलं भांडण तुम्ही आलात त्याच आठवड्यातलं. लढाई चालू होती, कापड मिळत नव्हतं, आणि तुम्ही घरोघर फिरून फाटक्या लुगड्यांच्या चिंध्या गोळा करत होतात. मला वाटलं, बाईंना गोधडी शिवायची आहे. तिसऱ्या दिवशी बघतो तर टेबलावर वीस चेंडू. चिंध्यांचे, सुतळीनं आवळलेले, आत मूठ मूठ चिंचोके. "हे काय?" म्हटलं. "बिगरीला फेकायला शिकवणार आहे," म्हणालात. मी म्हणालो, "बाई, हे शेवगाव तालुक्यातलं खेडं आहे. इथलं पोर चालायच्या आधी दगड फेकतं. त्याला शिकवायचं काय त्यात?"

तुम्ही रागावला नाहीत, याचाच मला जास्त राग आला. तुम्ही एका मुलाला बोलावलंत आणि चेंडू फेकायला सांगितलंत. त्यानं उजवा हात आणि उजवाच पाय एकदम पुढं घातला, चेंडू त्याच्याच नाकासमोर आपटला आणि पोर तोंडावर पडता पडता वाचलं. "गोफण फिरवता येते, पण नुसत्या हातानं येत नाही," म्हणालात. "आधी पाय शिकवायचा, मग खांदा, मग बोटं." पाढ्यांच्या तासातला अर्धा तास तुम्ही त्यासाठी मागून घेतलात. मागून कसला, घेतलातच. मी मस्टरवर सही करत होतो तोवर तुम्ही पोरांना घेऊन मैदानात पोचलाही होतात.

तुमची रीत मी खिडकीतून चोरून बघायचो. आज कबूल करायला हरकत नाही. पहिला महिनाभर पोरांना फेकू म्हणून दिलं नाहीत. पाय फाकून समोरासमोर बसायचं आणि चेंडू नुसता घरंगळवायचा. मग खालून हात नेऊन झोका दिल्यासारखा टाकायचा. मग कुठं डोक्यावरून. बिगरीच्या पोरांना डावं-उजवं कळत नाही, म्हणून तुम्ही वाटीत गेरू कालवून आणायचात आणि प्रत्येकाच्या डाव्या पायावर एक टिळा लावायचात. "कडेनं उभं राहा. कानामागं हात. गेरूचा पाय पुढं. आता सोड." हे तुम्ही ओरडून कधी सांगितलं नाहीत, निजवताना म्हणावं तशा सुरात सांगायचात. दुपारच्या उन्हात ती पोरं हळूहळू वळायची, हळूहळू हात मागं न्यायची आणि वीस चेंडू एकदम खुळखुळत वर जायचे. मी खडू हातात धरून उभा असायचो, आणि फळ्यावर काय लिहायचं होतं ते विसरायचो.

खडूवरून आठवलं. माझी एक सवय गावाला ठाऊक आहे, डुलकी घेणाऱ्या पोराकडं खडूचा तुकडा भिरकावायचा. त्यावर तुम्ही भर वर्गात म्हणालात, "मास्तर, खडू फेकताना तुमचा खांदा उघडत नाही. म्हणून तर कुणाला लागत नाही." चौथीची पोरं फिदीफिदी हसली. मी महिनाभर तुमच्याशी कामापुरतं बोललो. खरं तर माझा खडू पोराला लागू नये म्हणूनच मी फेकायचो. तो बरोबर त्याच्या कानाजवळून जाऊन हातभर पलीकडे पडायचा आणि पोर दचकून जागं व्हायचं. तीस वर्षांत एकालाही लागला नव्हता. हे तेव्हा तुम्हांला हसत हसत सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी पडलो हेडमास्तर. फुगून बसलो.

त्याच महिन्यात शाळा तपासायला दिपोटी साहेब येणार असल्याचा कागद आला. तुमची नेमणूक तात्पुरती होती. साहेबांनी चांगला शेरा दिला तर तुम्ही कायम होणार, आणि कायम झालात की नगरला बदली मागता येणार. नगरला तुमची म्हातारी आई एकटी होती. तिला दिसत नव्हतं. शेजारीण दोन वेळा भाकरी देऊन जायची आणि तुम्ही महिन्यातून एकदा मोटारीनं जाऊन तिचे केस धुवून यायचात. तुम्ही हे एकदाच सांगितलंत, तेही रजेच्या अर्जात कारण लिहावं लागलं म्हणून.

साहेबांना बिगरीच्या मुलांची फेक बघायची होती, तीही नेमाची. दहा पावलांवर दगडावर पालथं मडकं ठेवायचं आणि ते चेंडूनं पाडायचं. तुम्ही शेवटच्या आठवड्यात मडकं मांडलंत. पोरं उभी राहिली झकास, हात कानामागं, गेरूचा पाय पुढं, चेंडू सुटला सरळ, आणि मडक्यावरून जाऊन हातभर पलीकडे पडला. दुसऱ्याचा तसाच, तिसऱ्याचाही तसाच. तुम्ही मडकं जवळ आणलंत तर जवळून हातभर पलीकडे, लांब नेलंत तर लांबून हातभर पलीकडे. आणि फेकून झालं की प्रत्येक पोर तुमच्याकडं शाबासकीसाठी बघायचं! हौसाबाईची थोरली, तुळशी, तर नाचतच म्हणाली, "बाई, कशी बराबर टाकली!" तुमचा चेहरा मला अजून दिसतो.

संध्याकाळी तुम्ही माझ्याकडं आलात. रुसवाफुगवा विसरून आलात. "मास्तर, काहीतरी चुकतंय माझं. हात सरळ आहेत, पाय सरळ आहेत, मग नेम का लागत नाही?"

बाई, मला माहीत होतं.

मी याच गावचा. ज्वारी हुरड्यात आली की आमच्याकडं शेतातल्या माळ्यावर पोरांना पाखरं राखायला बसवतात. त्या माळ्यावर मी सहा वर्षं काढली आहेत. गोफणीतला दगड पाखराला मारायचा नसतो. कणसावर बसलेल्या पाखराला दगड मारला तर कणीस फुटतं, दाणे झडतात, वर एक जीव जातो. दगड पाखराच्या डोक्यावरून हातभर पलीकडे टाकायचा, पाखरू उडतं आणि पीक राहतं. माझ्या हातून एकदा कणसाला लागला तेव्हा वडिलांनी पाठ सोलून काढली होती. या गावच्या पोराला समोर काही ठेवून "टाक" म्हटलं, की त्याचा हात आपोआप हातभर पुढचं बघतो. तुमची पोरं चुकत नव्हती. त्यांना घरी शिकवलं होतं ते ती मन लावून करत होती. त्यांना एवढंच सांगायला हवं होतं, की हे पाखरू नव्हे, हे मडकं आहे, हे फोडायचं.

आणि मी काय म्हणालो? "तुमचं शास्त्र तुम्हांलाच ठाऊक, बाई. माझा तर खांदाच उघडत नाही."

दिपोटी साहेब आले. खुर्ची टाकून मैदानात बसले. वीसांतली अकरा पोरं त्यांनी बोलावली, ती एकामागून एक आली, आणि अकरा चेंडू मडक्याच्या पलीकडे एकमेकांना खेटून पडले. टोपलीनं झाकता आले असते इतके जवळ जवळ. नेम कशाला म्हणतात हे ज्याला कळतं त्यानं तिथंच पोरांना उचलून घेतलं असतं. साहेब मोठ्यांदा हसले, चहा प्याले आणि शेरेबुकात लिहून गेले, "नेमात वर्ग अगदी कच्चा. शिक्षिकेस कायम करण्याची शिफारस करता येत नाही." मी त्यांच्या खुर्चीमागं उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. शाई वाळेपर्यंत तरी बोलायला वेळ होता.

तुम्ही चेंडू गोळा केलेत, मोजून पेटीत ठेवलेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेरू कालवून आणलात.

मग पौष आला. हौसाबाईनं तुम्हांला हुरड्याला बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेची घंटा व्हायच्या आत, तुम्ही धावत माझ्या दारात आलात. पदर घसरलेला, पायांना शेतातली माती. एवढ्या आनंदात मी तुम्हांला आधी कधी पाहिलं नव्हतं.

"मास्तर, माझी पोरं चुकत नव्हती हो! मी काल माळ्यावर चढले. तुळशीनं दगड टाकला तो पाखराच्या पलीकडे. मी म्हटलं, अगं, लागला नाही. तर हौसाबाई कपाळाला हात लावून म्हणते, बाई, लागला तर कनीस न्हाई का फुटायचं? अन् पाखराला कशापायी मारायचं? त्येला निस्तं उठवायचं. आमी लेकरांना ह्येच शिकिवतो, म्हणाली. मास्तर, त्यांचा नेम केवढा पक्का आहे, कळतंय का तुम्हांला?"

तुम्ही मला ओढतच मैदानात नेलंत. मडकं मांडलंत. तुळशीला सांगितलंत, "हे पाखरू नाही. हे फोडायचं." पोरीनं डोळे मोठे केले. "फोडू? खरंच?" म्हणाली, आणि पहिल्याच फेकीत मडक्याचे तुकडे उडाले.

तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "तुम्ही तर इथलेच, आणि तुमच्याही ध्यानात आलं नाही ना? आलं असतं तर तुम्ही मला सांगितलंच असतं."

मी म्हणालो, "हो."

त्या एका 'हो'सारखं खोटं मी जन्मात दुसरं बोललो नाही. तुम्ही ते घेतलंत आणि वर मलाच विनंती केलीत, की मास्तर, साहेबांना हे पत्रानं कळवाल का? ते ऐकतील तुमचं. मी म्हणालो, "लिहितो." पंधरा दिवसांनी तुम्ही विचारलंत, मी म्हणालो, "लिहितो." होळीला विचारलंत. पाडव्याला विचारलंत. मी म्हणालो, "साहेब फिरतीवर आहेत, आले की लिहितो."

वैशाखात तुमची आई गेली. निरोप आला तेव्हा त्या दिवसाची मोटार निघून गेली होती. तुम्ही दुसऱ्या दिवशी पोचलात तोवर शेजाऱ्यांनी माती देऊन टाकली होती. परत आलात तेव्हा हातात आईची काठी होती. ती तुम्ही वर्गाच्या कोपऱ्यात उभी केलीत आणि पुढं रेघा मारायला तीच वापरलीत. त्यानंतर त्या पत्राचं तुम्ही कधी विचारलं नाहीत. पुढं दोन वर्षांनी दुसरे साहेब आले, तुम्ही कायमही झालात. मी म्हणालो, आता नगरला बदली मागा. तुम्ही म्हणालात, "आता तिथं कोण आहे?"

मग तुम्ही इथल्याच झालात. आज तालुक्याच्या सामन्यांत आपल्या गावची पोरं चेंडू फेकतात तेव्हा पंच अंतर मोजायला दोरी घेऊन धावतात. तेराव्या वर्षीच लग्न लावून दिलेली तुळशी परवा सासरहून आली होती, तुमच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडली. "बाईंनी माजा हात धरला न्हाई, निस्ता पाय धरला," म्हणाली. सात वर्षांत वर्गातल्या एकाही पोरानं दुसऱ्याला दगड मारून डोकं फोडलं नाही, आणि ही गोष्ट मी हेडमास्तर म्हणून सांगतो, आधीची वर्षं मला आठवतात. यातलं काहीच मी तुमच्यासमोर बोललो नाही. तोंडावर कौतुक करणं म्हणजे मला दात काढून घेण्यासारखं.

तुमच्या तापात मी रोज येत होतो. रोज उंबऱ्यापर्यंत ठरवून यायचो, आज सांगायचं. शेवटच्या आदल्या दिवशी तुम्ही शुद्धीवर होतात. मी म्हणालो, "बाई, एक बोलायचं राहिलंय." तुम्ही म्हणालात, "आधी माझं ऐका. चेंडूंची सुतळी ढिली झालीय. चिंचोके सांडतील. आवळून घ्या." मी बरं म्हणालो आणि उठलो. चेंडू आवळले आहेत, सगळे वीस.

काल मी ते पत्र लिहिलं. तेव्हाचे साहेब आता पुण्याला मोठ्या जागेवर आहेत. त्यांना लिहिलं, की मुलांचा नेम चुकला नव्हता, मला तेव्हाच ठाऊक होतं, मी जाणूनबुजून गप्प राहिलो, आणि तो शेरा शिक्षिकेवर नसून हेडमास्तरावर हवा होता. सही केली, शाळेचा शिक्का मारला आणि टपालात टाकलं. माझी पेन्शन दीड वर्षावर आली आहे. साहेबांना जे करायचं ते करोत.

पत्रात त्यांना मी कारण दिलं, की शिक्षिकेशी माझा वाद होता आणि मी सूडानं वागलो. ते साहेबांपुरतं. तपासणीच्या दिवसापुरतं ते खरंही असेल. पण माणूस खडूच्या रागावर पाच महिने पत्र अडवून धरत नाही, बाई.

मडकं फुटलं त्याच दिवशीची गोष्ट. शाळा सुटली होती, मैदान रिकामं होतं. तुम्ही म्हणालात, "मास्तर, या, आज तुमचाही खांदा उघडू." मी नको नको म्हणत वहाणा काढल्या. पन्नाशीला टेकलेला मी, धोतराचा सोगा सावरत कडेनं उभा राहिलो. तुम्ही खाली बसून माझ्या डाव्या पायावर गेरूचा टिळा लावलात. माझी बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली. तेव्हापासून माझ्या पायाला कुणाचा हात लागला नव्हता. मग तुम्ही पोरांना सांगायचात त्याच सुरात म्हणालात, "गेरूचा पाय पुढं. आता सोडा." चेंडू खुळखुळत गेला, कुठं पडला ते मी पाहिलंच नाही. निंबाच्या सावल्या लांबल्या होत्या, आणि तुम्ही उभ्या राहून डोळ्यांवर हात धरून तो चेंडू बघत होतात.

घरी आलो. पाय धुतले नाहीत. साहेबांना पत्र लिहायला बसलो, दौतीचं बूच काढलं. 'शिक्षिकेस कायम करावे' एवढं लिहिलं, आणि पुढचं दिसायला लागलं. तुम्ही कायम होणार, अर्ज करणार, मोटार येणार, तुमची पेटी टपावर चढणार. मी कागद फाडला आणि बूच लावलं. तुमच्या आईचा विचार मला आला नाही असं नाही. आला, आणि तरी लावलं.

एस्तेरबाई, तुम्ही जाऊ नये असं मला वाटत होतं.